कमरेच्या वर, डोक्याच्या खाली

पुण्यात रस्ता खोदणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही. डांबर पडून महिना झाला नाही तोच हे लोक आले, असं पुटपुटत माणसं स्कूटर वळवतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, फायबर; प्रत्येकाचं टेंडर वेगळं आणि मुहूर्तही वेगळा. साइट इंजिनिअर म्हणून माझी नोकरी या सगळ्यांच्या चरांच्या काठावर गेली. तिथून जे दिसलं ते क्रमांक घालून लिहितो आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. मेट्रोच्या खड्ड्याला माणसं घाबरतात. तिथे हेल्मेट असतं, सेफ्टी ऑफिसर असतो. माझी धास्ती कायम गल्लीतल्या चराबद्दल राहिली. कमरेच्या वर, डोक्याच्या खाली, आणि ‘दोन तासांचं तर काम आहे’ म्हणून उतरलेला माणूस.

१. चराची खोली उभ्या माणसावरून मोजू नका.

खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३७६४ आहे. त्यात आणि सरकारी टेंडरला जोडलेल्या सुरक्षा नियमांतही दीड मीटरचा आकडा आहे. मातीतला चर तेवढा खोल गेला की बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी किंवा उतार देऊन मागे घ्यायच्या, नाहीतर फळ्या, वासे, जॅक लावून धरून ठेवायच्या. गल्लीत उतार द्यायला जागा नसते, म्हणजे शोअरिंग आलंच. त्यावर साइटवरचं उत्तर ठरलेलं असतं: “साहेब, पाचच फूट आहे. माणूस छातीपर्यंत येतो.”

उभा राहिला तर येतो. पण चरात उभं राहायला कोण उतरतं? सांधा बसवणारा फिटर उकिडवा बसतो, सॉकेटमधली माती बोटाने काढतो, रबर रिंगला साबणाचं पाणी लावतो, रिंग नीट बसली का ते बघायला मान खाली घालतो. तेव्हा त्याचं डोकं तळापासून दोन-अडीच फुटांवर असतं आणि त्याच्या वर आणखी अडीच फूट मातीची भिंत. त्याच्या हिशेबाने तो चर डोक्यावरून गेलेला आहे. म्हणून जिथे सांधा येणार तिथे चर चार फुटांचा असला तरी मी फळ्या मागतो. नियमात बसत नाही असं म्हणून कुणी हसलं तर हसू देतो.

मातीच्या वजनाचा अंदाज घमेल्यावरून येत नाही. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, आणि ढासळताना ती घमेल्याघमेल्याने येत नाही. डोकं मोकळं राहिलं म्हणजे माणूस वाचला, हाही गैरसमज. छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास सोडतो, तेवढ्या जागेत माती आणखी बसते, आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही. तो ओरडत नाही, कारण ओरडायलाही हवा लागते.

अशा वेळी वरची माणसं हमखास चुकीचं करतात. चार जण धाडकन उड्या मारतात आणि त्यांच्यावर उरलेली बाजू येते. कुणी जेसीबीचं बकेट घालतो. बकेटला मातीतला माणूस दिसत नाही. कुणी काखेत दोरी घालून ओढायला लागतो. १०१ ला फोन करा, मशिनं बंद करा, गर्दी आणि गाड्या काठापासून मागे घ्या, शाबूत बाजूला आधार द्या, मग हाताने आणि लहान फावड्याने माती काढा. आधी तोंड, लगेच छाती, पाय सगळ्यांत शेवटी.

२. माती रोज सकाळी नव्याने बघा.

पुण्याचा मुरूम बर्फीच्या वडीसारखा सरळ कापला जातो आणि तसाच उभा राहतो, म्हणून त्याच्यावर नको इतका विश्वास बसतो. दोन दिवस ऊन खाल्लं की तो सुटायला लागतो. काळ्या मातीचं उलट. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगेत गेलेलं पाणी तिला आतून ढकलतं. पण शहरात खरी भीती तिसरीची, भरावाची. आपल्या चराला समांतर, हातभर अंतरावर कुणीतरी पूर्वी चर मारलेला असतो आणि कसाबसा बुजवलेला असतो. वरून डांबर एकसारखं दिसतं, पण आपल्या नि त्याच्या मध्ये उरलेली मातीची पातळ भिंत आतून पोकळ जागेला टेकलेली असते. मुंबईत तर भर घालून केलेल्या जमिनीवर अर्धं शहर उभं आहे, तिथे अमुक खोलीवर अमुक माती असं सांगण्याची सोयच नाही.

आमच्याकडे वडार समाजातले एक वयस्कर मुकादम होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. सकाळी कामाला हात लावण्याआधी ते चराच्या काठाने लांबून चालत जायचे. काठाला समांतर केसाएवढी जरी भेग दिसली तरी चिमूटभर ओली माती घेऊन तिच्यावर आडवी सारवायचे.

“अण्णा, उतरायचं का?”

“थांबा साहेब. चहा घेऊन बघू.”

चहा होईपर्यंत सारवलेली माती तडकली असेल तर भेग रुंदावते आहे. मग कुणी उतरायचं नाही. बाजूवरून खडे टपटप गळत असतील, तळाशी भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात पाणी झिरपत असेल, तर चहापर्यंतही थांबायचं कारण नाही.

सगळ्यांत वाईट चर कोणता म्हणाल तर फुटलेल्या पाण्याच्या लाइनीचा. माती आधीच चिखल झालेली, खालची वाहून गेलेली, वेळ रात्रीची, नगरसेवकाचा फोन चालू, आणि लोक हंडे घेऊन उभे. तिथे आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंप, मग फळ्या, मग माणूस. हा क्रम उलटा करायचा मोह प्रत्येक वेळी होतो.

३. काठावर ओझं ठेवू नका.

काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब. नियम सोपा आहे, पण कसबा पेठेतल्या बोळात दीड मीटर गेल्यावर समोरच्याचा उंबरा येतो. मग माती डंपरने उचलून न्यावी लागते आणि भरणीच्या वेळी परत आणावी लागते. त्याचे पैसे टेंडरमध्ये आधीच धरलेले नसले की मातीचा ढीग काठावरच बसतो. पाइपांची चळत, जनरेटर, जेसीबीची चाकं, बाजूने जाणारी बस, सगळं त्याच हिशेबात.

४. शिडी लावा.

चर १.२ मीटरहून खोल असेल तर दर ३० मीटरला किमान एक, आणि ती काठाच्या वर ९० सेंटिमीटर तरी आलेली हवी, म्हणजे वर येताना हाताला काही धरायला मिळतं. आडव्या वाशांवर पाय देऊन चढणारा माणूस स्वतःच आपलं शोअरिंग ढिलं करत असतो. एवढं पुरे.

५. नकाशावर एक रस्ता असतो, खाली दुसरा.

ड्रॉइंग जरूर मागा. प्रत्येक खात्याकडून मागा, पत्राची पोच ठेवा. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं, त्यावर खोदाईची सूचना टाका; खाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना ती जाते आणि आपल्या हातात पुरावा राहतो. पण अ‍ॅपवर काम झालं म्हणजे जमिनीवर झालं असं नाही. मानकाप्रमाणे कमी दाबाची वीजकेबल पाऊण मीटर खोल असते, ११ केव्हीपर्यंतची ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १०५. टाकली तेव्हा असेलही. पुढे कुणी रस्ता खरवडतो, कुणी फूटपाथ उतरवतो, कुणी दुभाजक हलवतो. केबल तिथेच राहते, वरची जमीन बदलते.

म्हणून आधी रस्ता वाचावा. फीडर पिलर, चेंबरची झाकणं, व्हॉल्व्हच्या पेट्या, गॅसचे मार्कर, डांबरातले ठिगळांचे पट्टे यांच्यावरून ओळ लावली की खालचं निम्मं चित्र उभं राहतं. उरलेलं चावीवाल्याकडे असतं. पाणी सोडणारा जुना चावीवाला कुठली लाइन कुठे वळते हे ज्या सहजतेने सांगतो, ते कुठल्याही नकाशात सापडत नाही. त्याला दादा म्हणा, चहा पाजा, त्याच्यासोबत फक्की घेऊन चाला. पेठांमधल्या म्हाताऱ्या रहिवाशांचंही ऐका. खोदाई बघायला जमून सल्ले देणाऱ्या पुणेकरांचा वैताग येतो, कबूल. पण नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेला दगडी-चुन्याचा पाण्याचा नळ, त्याचे हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास, जुने हौद आणि बुजवलेले आड यांची वस्ती याच रस्त्यांखाली आहे. पोकलेन अशा पोकळीवर उभं राहण्याआधी कुणी ‘अहो, इथे आड होता’ म्हणालं तर त्याचे उपकार माना.

मग ट्रायल पिट. लाइनीला आडवे, हाताने. आणि हाताने म्हणजे पहारीने नव्हे. अणकुचीदार पहार मन लावून मारली की केबलच्या आर्मरमधून आरपार जाते आणि ती धरणाऱ्याचे दोन्ही हात लोखंडावर असतात. वरचं डांबर फुटलं की पहार बाजूला ठेवून फावडं घ्या, माती थराथराने खरवडा. ओळीने मांडलेल्या विटा, फरश्या किंवा पट्टी दिसली की थांबा. विटा आपोआप ओळीने बसत नाहीत. लाइन उघडी पडली की तिच्या आसपास मशीन नाही, आणि लोंबकळणारी केबल दोरीने बांधून, फळीवर टेकवून ठेवायची.

“ही मेलेली आहे, कापा,” असं सांगणारा माणूस प्रत्येक साइटवर भेटतो. वीज कंपनीच्या माणसाने तपासून लेखी दिल्याशिवाय कुठलीही केबल मेलेली नसते.

बकेट चालू केबलला लागलंच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब पळायचं. मशीनने पेट घेतला आणि उतरावंच लागलं तर मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता घसटत लांब जायचं. मोठं पाऊल टाकलं की दोन पायांच्या मध्ये विजेचा दाब वेगवेगळा पडतो. हे ऑपरेटरला पहिल्याच दिवशी करून दाखवायला लावा. तो हसेल. करवून घ्या.

नुसतं वरचं आवरण खरचटलं तरी कळवायचं. एका कामावर आमच्या आधी खोदून गेलेल्या एजन्सीने असं खरचटलेलं चिकटपट्टी गुंडाळून पुरलं होतं. पहिल्या मोठ्या पावसात त्या केबलने रस्ता तापवला. कुणी गेलं नाही, हे त्या रात्री लोक घरात होते म्हणून.

६. गॅसवर माती टाकू नका.

गॅसचा पाइप प्लास्टिकचा असतो, पिवळा किंवा नारिंगी, आणि फावड्यालाही कापला जातो. फुटला की ओळखीचा वास येतो. तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. अशा वेळी काही लोक तत्परतेने वर माती लोटतात, पाइप दुमडून तारेने बांधतात. दोन्ही घातक. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, मोकळा ठेवलात तर वर निघून जातो. वरून दाबलात तर डांबराखालून आडवा सरकतो, केबलच्या डक्टमधून, गटारातून, आणि कुणाच्या तरी तळघरात जाऊन बसतो. माणसं वाऱ्याच्या उलट बाजूला न्या, विडी-काडी, गाड्यांचे स्टार्टर, फोन सगळं लांब. फोन लांब जाऊनच करायचा. कंपनीचा आपत्कालीन नंबर बॅरिकेडवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ऐन वेळी तो कुणाच्याच मोबाइलमध्ये सापडत नाही.

७. जुन्या चेंबरमध्ये कुणीही उतरणार नाही.

नवी ड्रेनेज लाइन टाकणं सोपं असतं. शेवटच्या दिवशी ती जुन्या चेंबरला जोडायची असते आणि तिथे घात होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. ‘वास गेला, आता उतर,’ हे वाक्य त्यामुळेच भयंकर. पहिला खाली कोसळतो, त्याला काढायला त्याचा भाऊ उतरतो, त्या दोघांना काढायला तिसरा. पेटती काडी सोडून बघणं हा उपाय नाही. मिथेन असेल तर तीच काडी पुरते.

गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आकडा वाढला म्हणून साइटवर काही बदललं, असं मला दिसलेलं नाही. बदललं ते जिथे गॅस मीटर इंजिनिअरच्या बॅगेत आला तिथे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइड नाही, ब्लोअर चालू, ट्रायपॉड आणि हार्नेस लावलेला, दोरीवर माणूस बसलेला; इतकं सगळं असेल तरच जोडणीपुरता विचार. नाहीतर लाइन प्लग लावून अडवा, बाहेरून काम करा. आणि जुन्या गळक्या ड्रेनेजलगतचा उघडा चरही चेंबरच समजा. वायूला झाकण आहे की नाही हे कळत नाही.

८. लाल-पांढरी फीत म्हणजे बॅरिकेड नव्हे.

ती पोरं पतंगाला लावतात. चराकडेला घट्ट उभं राहणारं, दुचाकीच्या धक्क्याने न पडणारं काहीतरी हवं, रात्री दिवा हवा, घरासमोर कठडा असलेली फळी हवी. दुकानदार गाडी लावायला बॅरिकेड सरकवणार हे गृहीत धरा; संध्याकाळी साइट सोडण्याआधी एक फेरी त्यासाठीच मारायची. अंध माणसाची काठी कुठल्या उंचीवर लागते, ते बघून खालची पट्टी लावा.

पाऊस पडला की चर दिसत नाही, रस्त्यावर नुसतं पाणी दिसतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. सगळ्या शहराने ती बातमी वाचली. पुढच्या पावसाळ्यात मी तरीही झाकणाऐवजी झाडाची फांदी खोचलेली चेंबरं पाहिली आहेत.

९. शोअरिंगला स्वतंत्र पैसे द्या.

हे ठेकेदारांसाठी नाही, टेंडर काढणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या शहरांत पावसाळ्यात खोदाई बंद असते. सगळं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि एप्रिलच्या शेवटी अंगावर येतं. मजुरी रनिंग मीटरवर, बिल रनिंग मीटरवर. शोअरिंग ‘दरात समाविष्ट’ असं लिहिलेलं असलं की फळी न लावणाऱ्याचा नफा आणि लावणाऱ्याचं नुकसान. ठेकेदार दुष्ट असतो असं मी मानत नाही. तो गणित करतो. शोअरिंगचा आयटम वेगळा करा, चौरस मीटरने मोजा, मोजमाप पुस्तकात नोंदवा, फोटो लावा. एका कामावर हे झालेलं मी पाहिलं. तिथे ज्याला आधी फळ्या मिळत नव्हत्या, त्याच माणसाने कुठूनतरी ट्रकभर फळ्या आणि जॅक उभे केले.

दुसरं, खालच्या माणसाला वर येण्याचा हक्क द्या. ‘मला बरं वाटत नाही इथे’ एवढंच म्हणून तो वर आला तर त्याचा रोज कापला जाऊ नये. मजूर कलबुर्गीचे असतात, तेलंगणातले, झारखंडचे; त्यांच्यासमोर शुद्ध मराठीत सुरक्षिततेचं भाषण करून उपयोग नाही. ‘बाहेर!’ हा एक शब्द आणि एक शिट्टी, एवढं सगळ्यांना पाठ हवं. आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली त्यांची नोंदणी झाली आहे का, ते काम सुरू होताना बघा. कामगार कल्याण मंडळाची मदत नोंदणीशिवाय मिळत नाही, आणि गावाकडे बसलेल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं.

१०. भरणी हेही खोदकामच.

पाइप पडला, टेस्टिंग झालं, की सगळ्यांचं लक्ष पुढच्या गल्लीकडे जातं. हेल्पर खाली उतरून सगळे वासे एकदम सोडवतो आणि धरून ठेवलेली बाजू त्याच्यावर येते. वासे खालून वर, जितकी भरणी झाली तितकेच काढायचे. भरणी १५०-२०० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर कुटून. डबर आणि सिमेंटच्या गोण्या टाकून वर डांबर ओढलं तर पुढच्या खोदणाऱ्याला आपण दुसऱ्या कलमातला तो भराव तयार करून देतो. पाइपच्या वर वॉर्निंग टेप टाका. त्याचा खर्च डांबराच्या मानाने काहीच नाही.

शेवटी माप. मोबाइलचं जीपीएस गल्लीत कित्येक मीटर इकडे-तिकडे दाखवतं, त्याच्यावर पाइपची जागा नोंदवू नका. दोन पक्क्या भिंतींच्या कोपऱ्यांपासून टेप लावा, रस्त्याच्या पातळीपासून खोली घ्या, चर उघडा असतानाच टेपसकट फोटो काढा. एक प्रत वॉर्ड ऑफिसला द्या, एक चावीवाल्याला.